निळी वायर नेमकी कोणाची? ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकची पार्श्वभूमी

नागपुरातून अमरावती रोडनं वाडीकडे निघालं की ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत अधूनमधून एक पाटी दिसते : 'सेल्फ-डायनामो'. डायनामोची जागा अल्टरनेटरनं घेऊन जमाना झाला, पण पाटी काही बदलली नाही. गाडीची वायरिंग बिघडली की आपण आजही 'सेल्फ-डायनामोवाल्या'कडेच जातो. त्या पाटीवरचा 'सेल्फ' मात्र आपल्या विषयाच्या मुळाशी आहे.

१९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट संपली. त्याचा परिणाम नुसता हँडलपुरता राहिला नाही. सेल्फ फिरवायचा तर दमदार बॅटरी हवी, आणि बॅटरी भरायची तर डायनामो हवा. बघता बघता जवळजवळ प्रत्येक मोटारीत वीज आयती हजर झाली. त्याआधी कोणी विजेचा ब्रेक काढला असता तर त्याला वीज कुठून आणणार, हाच पहिला प्रश्न पडला असता.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट नावाचं गाव आहे. तिथल्या आर्थर वॉर्नरनं आधी चुंबकावर चालणारा स्पीडोमीटर काढून नाव कमावलं होतं. १९२७ मध्ये त्याच्या नावाची इलेक्ट्रिक ब्रेकची कंपनी उभी राहिली. आधी चाकाचा वेग चुंबकानं मोजला, मग चाकही चुंबकानंच थांबवलं, असा हा माणूस.

तेव्हा मोटारींत तेलाचे हायड्रॉलिक ब्रेक येऊ लागले होते. ट्रेलरला तेच का लावले नाहीत? कारण ट्रेलर रोज जोडायचा आणि रोज सोडायचा असतो. दर वेळी तेलाचा पाइप सोडवला की तेल गळणार, पाइपात हवा शिरणार, आणि पुन्हा जोडताना ब्लीडिंग करत, म्हणजे ती हवा काढत, बसावं लागणार. विजेचं काय, प्लग काढला, प्लग घातला. आपल्या बैलबंडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. उतारावर बैलच ओझं तोलून धरत आणि थांबल्यावर चाकाखाली दगडाची उटी लावली की झालं. शेतातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपैकी बऱ्याच आजही ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या भरवशावरच चालतात.

इलेक्ट्रिक ब्रेक म्हटलं की लोकांना वाटतं, वीज चाकाला पकडून ठेवते. तसं नाही. चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेक ड्रमच्या आत एका दांड्याच्या टोकाला मुठीत मावेल एवढा चुंबक असतो. करंट आला की तो ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला चिकटतो. ड्रम फिरत असतो, तो चुंबकाला आपल्यासोबत ओढत नेतो, त्यानं दांडा कलतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. वीज नुसती सुरुवात करून देते, खरं काम चाकाचंच फिरणं करतं. म्हणूनच एका चुंबकाला ३ अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. आणि म्हणूनच उभ्या ट्रेलरला हा ब्रेक हँडब्रेक म्हणून चालत नाही : चाक फिरत नसेल तर दांडा ओढणार कोण?

इथे वाडीतल्या जुन्या हातांची एक गफलत होते, आणि ती त्यांच्या शिकण्यातूनच आलेली आहे. त्यांचा हात ट्रकच्या एअर ब्रेकवर बसलेला. त्या ब्रेकचं घराणं रेल्वेचं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्यानंतर दोन वर्षांनी जॉर्ज वेस्टिंगहाउसनं अमेरिकेत हवेचा ब्रेक काढला. त्या पहिल्या ब्रेकमध्ये पाइप निसटला की ब्रेकच गायब व्हायचा. १८७२ मध्ये त्यानं गणितच उलटं केलं : हवा असेल तर ब्रेक सुटलेला, हवा गेली की ब्रेक लागलेला. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांतला स्प्रिंग ब्रेकही त्याच विचाराचा. त्यामुळे एअर ब्रेकवाल्याचा पक्का हिशेब असतो की पाइप तुटला तर गाडी जाम होणार. इलेक्ट्रिक ब्रेक या बाबतीत अजून १८६९ मध्येच आहे. वायर तुटली की ब्रेक गेला, आणि तो गेल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

त्यावर उपाय म्हणून ट्रेलरवरच एक छोटी बॅटरी आणि ब्रेकअवे स्विच बसवतात. ट्रेलर निसटला तर दोरीनं पिन ओढली जाते आणि ती बॅटरी थेट चुंबकांना वीज देते. अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत हा ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेला राहायला हवा, असं लिहिलं आहे. ती बॅटरी भरलेली ठेवायला गाडीतून कायम चालू असलेली एक वायर यावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रेलरच्या ब्रेकला किती करंट द्यायचा हे ठरवणारा, ओढणाऱ्या गाडीत बसणारा डबा म्हणजे कंट्रोलर. त्याची गोष्टही पिढ्यांची आहे. जुने कंट्रोलर गाडीच्या ब्रेक ऑइलच्या पाइपलाच फाटा काढून बसवत. पाय जितका दाबाल तितका करंट. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आल्यावर त्या पाइपाला हात लावणं धोक्याचं झालं. मग कंट्रोलरनं स्टॉप-लाइटच्या स्विचवरून इशारा घ्यायला सुरुवात केली आणि गाडी किती जोरात मंदावते आहे हे स्वतःच मोजू लागला. त्याच्या चार वायरी आजही त्याच क्रमानं सांगतात : काळी बॅटरीची, पांढरी अर्थची, लाल स्टॉप-लाइटच्या स्विचची आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी.

आता रंगांचा घोळ. आपल्याकडच्या १२ व्होल्टच्या गाड्यांच्या मागे जो गोल सात पिनांचा सॉकेट सहसा दिसतो तो युरोपी वळणाचा, आयएसओ १७२४ या मानकाचा. अमेरिकी सात पिनांचा प्लग वेगळ्या घराण्यातला. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थ : इथपर्यंत दोन्ही घराणी एकमेकांची भाषा बोलतात, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण निळी वायर अमेरिकेत ब्रेकची आणि युरोपात मागच्या फॉग लॅम्पची. काळी अमेरिकेत कायम चालू असलेली बॅटरीची, युरोपात डाव्या पार्किंग लाइटची. युरोपी सॉकेटमध्ये इलेक्ट्रिक ब्रेकला पिनच नाही, कारण युरोपातल्या छोट्या ट्रेलरना सहसा रेट्यावर लागणारा ब्रेक असतो : गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचा ब्रेक लागतो.

माझ्या एका मित्रानं पेंचला मुक्कामी जायला छोटा ट्रेलर बांधून घेतला. ॲक्सल बाहेरून आलेला, इलेक्ट्रिक ब्रेकचा, वायरिंग अमेरिकी. कंट्रोलर यायचा होता. वायरमननं रंगाला रंग जोडला आणि मोकळा झाला. नंतर विचारलं तर म्हणाला, "निळी तं फॉगचीच असते नं भाऊ." त्याच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

डिसेंबरातली पहाट, जबलपूर रोड, मनसरच्या पुढे धुकं. मित्रानं मागचा फॉग लॅम्प लावला आणि गाडी एकदम जड झाली. त्याला वाटलं टायर बसला. उतरून बघतो तर टायर ठीक, पण ड्रममधून लायनर जळाल्याचा वास येत होता आणि हबजवळ हात नेववत नव्हता. फॉगचं बटण म्हणजे पूर्ण १२ व्होल्टचा ब्रेक झालं होतं. ब्रेकअवेची बॅटरीही उतरलेली निघाली, कारण तिला भरणारी काळी वायर डाव्या पार्किंग लाइटवर होती. म्हणजे गाडीचे लाइट लागतील तेवढाच वेळ ती भरायची.

कंट्रोलर आल्यावर ब्रेकची वायर वेगळी ओढली, तरी ब्रेक मवाळच. मीटर लावला. ड्रमजवळ वायर सोडवून चुंबकांचा रोध मोजला : दोन्ही ३.२ ओहमच्या जवळ, म्हणजे निरोगी. बॅटरी भरलेली. मग कंट्रोलरचं हाताचं बटण पूर्ण दाबून चुंबकाच्या दोन वायरींवर मोजलं तर जेमतेम ९ व्होल्ट. पांढरी वायर ट्रेलरच्या चासीला रंगावरूनच बोल्टनं आवळलेली, त्यामुळे अर्थ मिळत होती ती ग्रीस लावलेल्या टो बॉलमधून, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यातून. चासीतून अर्थ घ्यायची सवय दिव्यांच्या काळातली. मागचा ५ वॅटचा दिवा अर्धा अँपिअरही मागत नाही, तो गंजलेल्या जोडातूनही निभावतो. दोन ब्रेक ६ अँपिअर मागतात, त्यांना ते चालत नाही.

वायरही १ चौरस मिलीमीटरची होती. कंट्रोलरपासून ॲक्सलपर्यंत ८ मीटर जायची, परतीचीही वायरनंच ओढली तर आणखी ८. एवढ्या तांब्यात ६ अँपिअरला दीड व्होल्टहून जास्त गळतात. अडीच चौरसची घातली की ही गळती पाऊण व्होल्टच्या आत येते. ॲक्सलजवळची जोड नुसती पिळून टेप मारलेली होती. पावसाळ्यातली काळी माती तिच्यात जाऊन वाळली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

रंग खरवडला, वायर अडीच चौरसची घातली, पांढरी प्लगपासून ॲक्सलपर्यंत अखंड ओढली, जोड डाग देऊन बंद केली. चुंबकावर ११ च्या वर आले. मग जॅकवर चाक उचलून हातानं फिरवलं आणि ब्रेकअवेची पिन ओढली : चाक पाव फेऱ्यात थांबलं.

वायरमननं ट्रेलरच्या दांड्यावर, प्लगच्या शेजारी, पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय : 'निळी ब्रेकची. फॉगची नाही.'