उठायचं की बसायचं?

पुढारी, फायली आणि भाषणं यांची टर उडवणारा देशभक्तीपर सिनेमा रात्रीच्या शोला लागला, की पणजीकर हसायच्या तयारीनंच जातो. पंचाईत होते ती पडद्यावरच्या शाळेत ‘जन गण मन’ सुरू झालं की. मांडीवर पॉपकॉर्न, हातात बाटली आणि अर्धी रांग खुर्चीच्या कडेवर.

सत्तेची सालटी काढणं गोव्याला नवं नाही. तियात्र या कोकणी संगीत नाटकातली कांतारां, म्हणजे गाणी, तेच करत आली. पोर्तुगीज अमदानीत सेन्सॉर होता, 1961 साली तोही गेला. राष्ट्रगीत थिएटरात आलं ते 1962 च्या चीन युद्धानंतर, तेही सिनेमा संपल्यावर. लोक चपला शोधत दाराकडे सरकायचे, म्हणून पुढे ती प्रथा मागे पडली.

खरा घोळ 2016 चा. त्या ऑक्टोबरात पणजीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये, उभं राहणं शक्यच नसलेल्या अपंग प्रेक्षकाला राष्ट्रगीताला उठला नाही म्हणून मागून मार बसला. पुढच्याच महिन्यात, 30 नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक खेळाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं, दारं बंद ठेवून. दहा दिवसांच्या आत खुलासा आला: दारं लोटायची, कडी घालायची नाही, आणि अपंगांना सूट. हे आधी कुणाला का सुचलं नाही?

फेब्रुवारी 2017 मध्ये आणखी एक खुलासा झाला. राष्ट्रगीत कथानकाचाच भाग असेल तर उठायची गरज नाही. गृह खात्याच्या सूचनांतही माहितीपट आणि वार्तापटांपुरतं हेच म्हटलेलं होतं, पण त्या वाचतो कोण! 1971 चा कायदा राष्ट्रगीत गाणाऱ्याला अडवणाऱ्यासाठी किंवा त्यात व्यत्यय आणणाऱ्यासाठी शिक्षा सांगतो, बसून राहणाऱ्याबद्दल त्यात अक्षर नाही. 9 जानेवारी 2018 ला सक्ती उठली. लावायचं की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवायचं, लावलं तर मात्र प्रेक्षकांनी उभं राहायचं.

म्हणजे सुरुवातीच्या 52 सेकंदांना उठायचं, मधल्याला बसायचं. अंधारात हा भेद कोण करणार? परवा आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा ऐन विनोदी प्रसंगात ताडकन उठले. सून कुजबुजली, ‘‘बसात बाबा, हें पिक्चरांतलें.’’ ते शेवटच्या ‘जय हे’पर्यंत हलले नाहीत. नंतर सगळं थिएटर हसलं. कशाला, ते आम्हाला त्यांच्या पाठीमुळे दिसलंच नाही.