कोपऱ्यातलं घड्याळ आधी बघा

प्रवेशाचे फॉर्म भरायची वेळ आली की सोलापुरात घरोघरचे जुने डेस्कटॉप धूळ झटकून पुन्हा सुरू होतात. पाठोपाठ तक्रार येते, नेट चालू आहे पण एकही साइट उघडत नाही. निदान ठरलेलं असतं. "व्हायरस आलाय बे, फॉरमॅट मारावं लागतंय." सीपीयूचा डबा रिक्षातून नवी पेठेत जातो, फॉरमॅट होऊन येतो, आणि रात्री बोर्डाचं बटण बंद केलं की सकाळी तीच रड.

दुकानात जाण्याआधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. तिथं कुठल्यातरी जुन्या वर्षातला 1 जानेवारी दिसत असेल, तर व्हायरसला उगाच दोष देऊ नका.

आजकाल जवळजवळ प्रत्येक साइट आपली ओळख पटवायला एक डिजिटल प्रमाणपत्र पाठवते. त्यावर 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' अशा दोन तारखा असतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था देते त्यातली बहुतेक प्रमाणपत्रं तर जेमतेम 90 दिवसांची. ब्राउझर या तारखा तुमच्याच कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. कंडक्टरच्या डोक्यात 2015 साल चालू असेल, तर तुमचा चालू महिन्याचा एसटीचा पास तो कसा मान्य करणार? क्रोम बऱ्याचदा 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असं स्वच्छ लिहूनही देतो. पण लाल खूण दिसली की आपण वाचणंच सोडून देतो.

इंटरनेटवरून तारीख आपोआप दुरुस्त व्हायला हवी, हे खरं. पण फरक बरीच वर्षं असेल, तर विंडोज एवढी मोठी उडी मारायला कचरते. मग तारीख हातानं बदलावी लागते.

पण तारीख मुळात मागे जाते कशी? 1981 च्या आयबीएम पीसीला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. सुरू केला की तो आधी तारीख विचारायचा. 1984 च्या 'एटी' मॉडेलात मदरबोर्डावर, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किटपट्टीवर, घड्याळ आणि त्याला जिवंत ठेवणारी बॅटरी आली. आज तिथं सीआर 2032 नावाचा बटण सेल असतो. 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, म्हणून 2032. दाब 3 व्होल्ट आणि क्षमता साधारण 220 मिलिअँपिअर-तास. घड्याळ 3 मायक्रोअँपिअर खातं असं धरलं, तर हिशेबानं सेल आठ वर्षं पुरेल. प्लग चालू असेपर्यंत घड्याळाला सहसा पॉवर सप्लायमधूनच वीज मिळते, सेल नुसता राखीव. पण आपण रोज बोर्डाचं बटण बंद करतो, शिवाय लाइट जाते ती वेगळीच. त्या सगळ्या तासांचा भार सेलवर. तो संपला की बटण बंद होताच घड्याळ थांबतं आणि तारीख जुन्या वर्षावर जाते. त्यात उष्णतेनं सेलची आपोआप होणारी झीजही वाढते.

आता माझ्या आवडीची गोष्ट. सेल नुसती वीज पुरवतो, सेकंद मोजतो तो क्वार्ट्‌झचा स्फटिक. क्वार्ट्‌झ दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटंही घडतं. विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित वाकतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्याच्या आकाराचा अगदी चिमुकला तुकडा कापला, की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण 2 हा आकडा पंधरा वेळा मांडून त्यांचा गुणाकार करून पाहा. 2 चा पंधरावा घात बरोबर 32,768. वारंवारता निम्मी करणारे पंधरा टप्पे एकामागे एक लावले, की शेवटच्या टप्प्यातून सेकंदाला नेमका एक ठोका निघतो. 1969 च्या सेको अ‍ॅस्ट्रॉन घड्याळात हाच आकडा 8,192 होता, म्हणजे तेरावा घात. वारंवारता फार वाढवली तर वीज जास्त लागते, फार कमी केली तर स्फटिक मोठा होतो. त्यातून जमलेला हा सौदा.

हा नादकाटा साधारण 25 अंश सेल्सिअसला ठीक चालतो. तापमान त्याच्या वर जावो की खाली, तो मागेच पडतो, आणि तेही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. दर दशलक्ष सेकंदांत किती सेकंद मागे, तर सुमारे 0.034 गुणिले फरकाचा वर्ग. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा 45 ला टेकला, तर फरक 20, वर्ग 400, उत्तर 13.6. दिवसाच्या 86,400 सेकंदांत हे होतात सव्वा सेकंदाच्या आतबाहेर. 15 अंशांच्या थंडीत मात्र पाव सेकंदाच्या थोडं वर. थोडक्यात, उन्हाळाभर बंद ठेवलेल्या कॉम्प्युटरचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं मागे दिसलं तर सेल बदलू नका, तो आपल्या उन्हाचा प्रताप. वर्षंच मागे गेलं असेल, तर सेल.

काही घरांत मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली दिसते. खंडेनवमीची पूजा जरूर करा, फक्त हळदकुंकू जाळीतून पंख्यात जाऊ देऊ नका. 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर नवा' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं मला त्या लिंबाच्याच पंगतीतली वाटतात. लिंबू निदान सरबताला चालतं.

डेस्कटॉपचा सेल घरी बदलता येतो. प्लग काढा, डब्याची बाजू उघडा, आधी डब्याच्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. खाच दाबली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर हवी. तो उभा बसत असेल, तर जुना कसा होता ते आधी बघून ठेवा. मल्टिमीटर असेल तर जुना तपासा. अडीच व्होल्टच्या आसपास असेल, तर त्याचे दिवस भरले. मग कॉम्प्युटर सुरू करून तारीख-वेळ घाला. लॅपटॉप असेल तर मात्र जाणकाराकडेच न्या.

जुना सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. एवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली, तरी तडक दवाखाना गाठा.