एका राज्यात अंदाज चुकला की शेजारीही चुकतो

१९८४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेतील ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांना त्यांचे स्वतःचे मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच मिळाले, आणि मिनेसोटातही ते चार हजारांपेक्षा कमी मतांनी तरले. रेगन यांना देशभरात मते मिळाली सुमारे ५९ टक्के. इलेक्टोरल कॉलेजमधली, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मते असलेल्या आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली मते मात्र ५३८ पैकी ५२५. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात जो पुढे त्यालाच तिथली सगळी इलेक्टोरल मते जातात, म्हणून मतांमधली आघाडी निकालात कितीतरी फुगून दिसते. १९८० मध्ये तर रेगन यांना जेमतेम ५१ टक्के मतांवर ४८९ इलेक्टोरल मते मिळाली होती.

पण असा विजय येणार की नाही, हे आधी कसे सांगायचे? इथे संभाव्यताशास्त्राचा एक मुद्दा कळीचा ठरतो, आणि भल्याभल्यांचे गणित तिथेच चुकते.

२०२४ मध्ये सात राज्ये काठावर होती. प्रत्येक राज्य म्हणजे स्वतंत्र नाणेफेक मानली, तर सातही एकाच ठरावीक उमेदवाराकडे जाण्याची शक्यता १२८ मध्ये एक. प्रत्यक्षात सातही डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेली. यात चमत्कार काहीच नव्हता, कारण राज्ये एकमेकांपासून सुटी नसतात. महागाईची झळ मिशिगनला बसते तशी पेनसिल्व्हेनियालाही बसते. जनमत चाचण्यांना एखाद्या गटाचे मतदार कमी सापडत असतील, तर ते सगळीकडेच कमी सापडतात. चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत, एकाच दिशेला साचत जातात.

२०१६ मध्ये नेमके हेच घडले. महाविद्यालयीन पदवी नसलेले मतदार अनेक राज्यस्तरीय चाचण्यांच्या नमुन्यांत कमी पडले, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत अंदाज एकाच बाजूला ढळले. निकालाचा अंदाज मांडणाऱ्या काही गणिती प्रारूपांनी हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ९८-९९ टक्के धरली होती. निवडणुकांचे अंदाज देणाऱ्या ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने राज्यांमधला हा परस्परसंबंध जास्त गांभीर्याने घेतला आणि सुमारे ७१ टक्केच दिले. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा धडा या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

म्हणून अटीतटीची लढत दिसत असतानाही काठावरची सगळी राज्ये एकाच झोळीत पडणे अगदी शक्य असते. मात्र १९८४ सारखी लाट आज फार कठीण आहे. १९८८ मध्ये जॉर्ज बुश थोरले यांना ४२६ इलेक्टोरल मते मिळाली. त्यानंतर ४०० चा टप्पा कोणीही ओलांडलेला नाही. त्या वर्षी बुश यांच्या मागे उभे राहिलेले कॅलिफोर्निया १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाते. बहुतेक राज्यांचा कौल आता असा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे देशभरात वारे फिरले तरी हलण्याजोगी राज्येच थोडी उरतात. २०२४ मध्ये सातही जिंकून ट्रम्प ३१२ वर थांबले.