मॉनिटर आडवे कधी झाले?

ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या मोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा फोटो काढून बघा. लांबलचक कन्सोल (आवाज कमीजास्त करायची बटणं असलेलं मेज), त्याच्या माथ्यावर मीटरची पट्टी, आणि त्या पट्टीवर कुशीवर झोपलेले दोन काळे खोके. प्रत्येकात एक पांढराशुभ्र कोन, म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू. हे यामाहाचे एनएस-१० स्पीकर. हा फोटो इतक्यांदा छापून आलाय की आजही कुणी बेडरूमच्या कोपऱ्यात छोटा स्टुडिओ मांडायला घेतला, की नव्या मॉनिटरची, म्हणजे काम तपासून ऐकायच्या स्पीकरची, जोडी खोक्यातून निघाल्यानिघाल्या आडवी होते. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: स्टुडिओत असेच ठेवतात.

गंमत अशी की तो स्पीकर आडवा ठेवण्यासाठी बनलाच नव्हता. खरं तर स्टुडिओसाठीसुद्धा नव्हता. यामाहाने एनएस-१०एम १९७८ साली बाजारात आणला तो घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी, पुस्तकांच्या कपाटात उभा राहील असा. ३८२ मिलिमीटर उंच, २१५ मिलिमीटर रुंद, चारी बाजूंनी बंद खोका. वर उंच स्वरांसाठी ३५ मिलिमीटरचा घुमटाकार ट्विटर, खाली खालच्या स्वरांसाठी १८ सेंटिमीटरचा वूफर. त्या वूफरचा पांढरा कोन साच्यात दाबून केलेला नव्हता. सपाट कागद गुंडाळून, कडेला कडा चिकटवून तो तयार व्हायचा. कंपनीचं नावही उभ्या खोक्यावर सरळ वाचता येईल असंच छापलेलं. हाय-फायच्या शौकिनांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. वरचा आवाज टोचरा, खालचा अपुरा, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती.

स्टुडिओवाल्यांना मात्र नेमकं असंच काहीतरी हवं होतं. भिंतीत बसवलेल्या अवाढव्य मॉनिटरवर सगळंच भव्य वाटतं. लोकांच्या घरी तेच गाणं कसं वाजेल याचा अंदाज त्यातून येत नाही. म्हणून मिक्सिंग इंजिनिअर, म्हणजे गळा आणि वाद्यं यांचा मेळ बसवणारे तंत्रज्ञ, आपल्याबरोबर लहान स्पीकर बाळगू लागले. एनएस-१० प्रसिद्ध करण्यात बॉब क्लिअरमाउंटन या मिक्सिंग इंजिनिअरचं नाव हटकून घेतलं जातं. ट्विटरचा टोचरेपणा कमी करायला त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचा, ही प्रथाही याच काळातली, आणि कुठल्या जाडीचा टिश्यू उत्तम यावर त्या काळी गंभीर वाद झडत.

आता हा स्पीकर ठेवायचा कुठे? कन्सोलच्या माथ्यावर. तिथे तो उभा केला तर ३८ सेंटिमीटर उंचीची दोन बुजगावणी डोळ्यांसमोर येतात. पलीकडे काच, काचेपलीकडे गायक. काचेच्या वरच्या अंगाला भिंतीतले मोठे मॉनिटर, त्यांच्या आवाजाची वाटही अडते. तोच खोका कुशीवर टाकला की उंची साडेएकवीस सेंटिमीटरवर येते. काच मोकळी, मोठे मॉनिटर मोकळे, आणि पट्टीवरून खोका गडगडण्याची भीतीही कमी. म्हणजे आडवा ठेवण्याचा निर्णय डोळ्यांच्या सोयीचा होता. कानाला त्यात कुणी विचारलं नव्हतं.

१९८७ साली यामाहाने एनएस-१०एम स्टुडिओ काढला, तेव्हा या सवयीवर कंपनीचाच शिक्का बसला. टिश्यूची गरज उरू नये म्हणून ट्विटर बदलला, पुढची जाळी काढली, आणि नाव छापलं ते आडव्या खोक्यावर सरळ वाचता येईल असं. डावा आणि उजवा वेगळे, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. पुढच्या पिढीने पाहिला तो हा स्पीकर, आणि हाच फोटो. अक्षरं आडवी म्हणजे वस्तू आडवी, यात शंका घेण्यासारखं तरी काय होतं?

पण ट्विटर आणि वूफर ही दोन तोंडं आहेत आणि दोघांना मिळून एकच वाक्य बोलायचं असतं. दोन तोंडांचं अंतर कानापासून सारखं नसलं की काय होतं, याचा धडा सिनेमावाल्यांना १९३०च्या दशकातच मिळाला होता. तेव्हाच्या चित्रपटगृहांत खालच्या स्वरांसाठी लांबलचक वळणांचा भोंगा असे आणि वरच्या स्वरांसाठी आखूड. खालच्या आवाजाला कित्येक फूट जास्त चालावं लागे. एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीत टॅप डान्सच्या दृश्यात पायाचा एकच ठोका दोनदा ऐकू आला, हा किस्सा ध्वनितंत्रज्ञांच्या गप्पांत अजून निघतो. तिथल्या डग्लस शिअरर यांच्या ध्वनिविभागाने मग नवा भोंगा बनवला, त्यात ही अंतरं जुळवून आणली.

टेबलावरच्या स्पीकरमध्ये फरक फुटांचा नसतो, बोटांचा असतो. त्यामुळे ठोका दोनदा ऐकू येत नाही. त्याऐवजी आवाजाचा रंग बदलतो. एक साधा हिशेब मांडू. ट्विटरच्या मध्यापासून वूफरचा मध्य १७ सेंटिमीटरवर आहे आणि दोघे एकमेकांकडे काम सोपवतात ती सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, २ किलोहर्ट्‌झवर आहे. एनएस-१०चा क्रॉसओव्हरही तिथेच. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर २ किलोहर्ट्‌झच्या लाटेची लांबी भरते १७ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन तोंडांमधलं अंतर जवळजवळ एका लाटेएवढं. समोर नेमक्या मध्यावर बसलात तर दोन्ही लाटा हातात हात घालून पोचतात. खोका आडवा आहे आणि तुम्ही १५ अंश बाजूला सरकलात, तर एका तोंडाचा आवाज पाव लाट मागे पडतो आणि सीमेवरच्या स्वरांची पातळी ३ डेसिबलने घसरते. ३० अंश सरकलात तर अर्धी लाट मागे; एक वर जात असताना दुसरी खाली. कागदावर तरी तिथे दोघे एकमेकांना पुसून टाकतात.

१५ अंश म्हणजे किती? मॉनिटर तुमच्यापासून मीटरभर अंतरावर असेल तर २७ सेंटिमीटर. वीतभर आणि वर दोन बोटं. शेजारच्या खुर्चीवर संगीतकार बसला की दोघांच्या डोक्यांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर पडतं, म्हणजे मध्यापासून प्रत्येकजण वीतभराहून जास्त बाजूला. रेकॉर्डिस्ट म्हणतो गळा पुढे आलाय, संगीतकार म्हणतो गळा दबलाय, आणि दोघेही खरं बोलत असतात. २ ते ४ किलोहर्ट्‌झ हा पट्टा आपल्या कानाला सगळ्यात जास्त जाणवणारा. शब्दांची धार, हार्मोनियमच्या सुरातली किनार, तबल्याच्या चाटीवरची टणक टिचकी, सगळं याच भागात दाटीने राहतं. क्रॉसओव्हरची सीमा नेमकी या वस्तीतून जाते.

खोका उभा केला की हीच भानगड नाहीशी होत नाही, फक्त वळते. आता डावीउजवीकडे कितीही सरकलात तरी ट्विटर आणि वूफर यांच्या तुमच्यापासूनच्या अंतरांतला फरक तसाच राहतो. गडबड होते ती डोकं वरखाली झालं तर. खुर्चीवरून उठून चहाचा कप घ्यायला गेलात की आवाज बदललेला असतो, पण उभ्याने कुणी मिक्स करत नाही. बसलेला माणूस दिवसभर डावीउजवीकडेच सरकतो: एका हाताने फेडर (आवाजाची सरकती कळ), दुसरीकडे कीबोर्ड, मान कधी इकडे कधी तिकडे. शिवाय आपले दोन्ही कान एका आडव्या रेषेत आहेत. समोरचा आवाज एखाद्या अंशाने डावीउजवीकडे हलला तरी कळतो. वरखालीचा अंदाज त्या मानाने बराच ढोबळ. ट्विटर वर आणि वूफर खाली असूनही आवाज एकाच जागेहून आल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

हे माझ्या स्वतःच्या डोक्यात शिरलं ते उशिराच. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत टेबल खिडकीला लागून आहे आणि फोटोंच्या नादाने मीही मॉनिटर आडवे टाकले होते. गळ्याचं मिक्स कधी कर्कश, कधी मातकट व्हायचं. आधी वाटलं खोलीचा दोष, मग वाटलं कानाचा. शेवटी एका रात्री एकच मॉनिटर चालू ठेवला आणि त्यावर पिंक नॉइज सोडला, नळातून पाणी पडावं तसा सपाट फुसफुसाट. तंबोरा लावून बघितला नाही हे बरं. जवारीमुळे त्याचा रंग मुळातच फिरता असतो, काहीच कळलं नसतं. डोकं हळूहळू डावीउजवीकडे नेलं तर फुसफुसाटाचा रंग ‘श्श’चा ‘फ्फ’ होत होता आणि परत येत होता, कुणी तोंडापुढे हात फिरवावा तसा. तोच मॉनिटर उभा केला. डोकं हलवलं. रंग जवळजवळ तसाच. मग मुद्दाम खुर्चीवरून उठत गेलो, आणि अर्ध्या वाटेवर तो ‘फ्फ’ परत आला.

याचं गणित तेव्हाही गुपित नव्हतं. १९७६ साली, एनएस-१० जन्मायच्या दोन वर्षं आधी, ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका बिंदूवर नसलेल्या दोन ड्रायव्हरमधून (ट्विटर, वूफर ही स्पीकरमधली आवाज काढणारी तोंडं म्हणजे ड्रायव्हर) निघणारा आवाज क्रॉसओव्हरच्या आसपास एका दिशेला कसा झुकतो आणि तो सरळ समोर कसा ठेवायचा, याची मांडणी त्यात होती. त्यांचे सहकारी रस रायली यांचं नाव जोडून स्वरांची ही वाटणी करणारा फिल्टर आज लिंकविट्झ-रायली म्हणून ओळखला जातो आणि कित्येक ॲक्टिव्ह, म्हणजे अंगातच ॲम्प्लिफायर असलेल्या, मॉनिटरच्या पोटात तोच बसलेला आहे. पण तोही आवाजाचा मुख्य झोत सरळ करतो, बाजूचे खड्डे बुजवत नाही.

१९८३ साली जोसेफ डॅपोलिटो यांनी वेगळा मार्ग सुचवला: मध्ये ट्विटर, वर एक वूफर, खाली एक वूफर. झोत आपोआप समोर राहतो, वर आणि खाली सारखाच आटतो. रचना देखणी, पण उभ्यासाठी केलेली. पुढे घरोघरी होम थिएटर आलं आणि टीव्हीखाली जागा नाही म्हणून हीच रचना आडवी झोपवून मधला स्पीकर म्हणून विकली गेली. त्यामुळे सोफ्याच्या मध्यावर बसलेल्याला संवाद स्पष्ट, आणि टोकाला बसलेला माणूस आवाज वाढव म्हणून ओरडतोय. वाढवून उपयोग नसतो, कारण तिथे नेमकी व्यंजनांची धारच गायब झालेली असते.

आडव्या ठेवण्याचा खरा उपाय दोन तोंडं एकाच जागी आणण्यात होता, आणि तो बराच जुना आहे. वूफरच्या पोटातच ट्विटर बसवलेला अल्टेकचा ६०४ ड्युप्लेक्स १९४०च्या दशकातला. टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेन्ट्रिक १९४७चा. कित्येक वर्षं स्टुडिओंच्या भिंतींत यांचंच राज्य होतं. एकाच केंद्रातून आवाज निघत असल्याने खोका उभा, आडवा, उलटा, कसाही ठेवा. लहानखुरा ऑराटोन तर त्याहून सोपा: एकच ड्रायव्हर, क्रॉसओव्हरच नाही. म्हणजे आडवंउभं हा प्रश्न ज्यांना पडत नव्हता असे स्पीकर स्टुडिओत आधीपासून होते. तो प्रश्न आणला घरगुती दुहेरी खोक्याने.

तीन ड्रायव्हरवाल्या मॉनिटरमध्ये आणखी एक वाट निघाली. वूफर आणि मिडरेंज (मधल्या स्वरांचा ड्रायव्हर) यांची सीमा काही शे हर्ट्‌झवर असते, तिथे लाट मीटरभर किंवा त्याहून लांब. अशा लांब लाटेला वीतभराचा फरक जाणवतही नाही. म्हणून वूफर खुशाल बाजूला ठेवायचा, पण मिडरेंज आणि ट्विटर यांची जोडी मात्र एकावर एक उभीच. जेबीएलच्या एलएसआर३२मध्ये ही जोडी वेगळ्या पाटीवर बसवलेली आहे. स्क्रू काढा, पाटी पाव वळणाने फिरवा, म्हणजे खोका आडवा असो वा उभा, ही जोडी उभीच राहते. फिनलंडच्या जेनेलेकने २०१४च्या ८३५१मध्ये दोन्ही वाटा एकत्र केल्या. मध्ये समकेंद्री मिडरेंज आणि ट्विटर, आणि वूफर दर्शनी भागाच्या मागे लपवलेले. हा आडवा झोपवला तरी चालतो, कारण तो तसाच आखलेला आहे.

मग एनएस-१०वर कामं झालीच कशी, हा प्रश्न रास्त आहे. एक म्हणजे इंजिनिअर त्या खोक्यांच्या अगदी जवळ, ठरलेल्या जागी बसायचा आणि त्याचे दोष त्याला पाठ असायचे. दुसरं, बंद खोक्यामुळे त्याचा आवाज चटकन थांबतो. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनमध्ये २००१च्या सुमारास झालेल्या मोजमापांत त्याची ही खोड, आघात झाल्यावर पटकन शांत होण्याची, ठळकपणे दिसली. २००८ साली यामाहाला त्याच्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं, तोवर उत्पादन थांबून सात वर्षं झाली होती. कोनासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला, हे कंपनीने दिलेलं कारण.

टेबल अरुंद असेल आणि दोन ड्रायव्हरचा साधा मॉनिटर आडवा ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर निदान दोन्ही ट्विटर एक तर आतल्या बाजूला किंवा दोन्ही बाहेरच्या बाजूला ठेवावेत. एक आत आणि एक बाहेर झाला तर मधला गळा एका बाजूला ओढला जातो. आणि मग डोकं हलवायचं नाही. उंची जास्त होत असेल तर खोका उलटा, ट्विटर खाली करून उभा ठेवलेलाही चालतो. आत बसलेल्या चुंबकाला काही फरक पडत नाही, फक्त कंपनीचं नाव उलटं वाचावं लागतं.

माझे आता उभे आहेत, रबराच्या तुकड्यांवर किंचित मागे कललेले, ट्विटर कानाच्या उंचीला. खिडकीतलं आंब्याचं झाड त्यामुळे अर्धंच दिसतं.