थेंब फुटतो तो शिअरनं की टर्ब्युलन्सनं?

नागपूरजवळ बुटीबोरी-हिंगण्याकडं ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणावर, तेलकट पाण्याचा विषय निघाला की लगेच कोणीतरी म्हणतं, "लो शिअर पंप लावा ना भाऊ." पंपानं तेलाचे थेंब बारीक फोडले की ते टाकीत वर तरंगून यायला वेळ लावतात, म्हणून हा आग्रह. शिअर म्हणजे पाण्याचे शेजारचे थर वेगवेगळ्या वेगानं सरकताना बसणारी ओढ. पण हा शिअर शब्दच सगळा घोळ घालतो.

वाकड्या पात्यांचा सेंट्रिफ्युगल पंप लंडनच्या प्रदर्शनात गाजला 1851 साली, थेंब किती वेगानं वर येईल याचं सूत्रही त्याच वर्षी छापून आलं, पण थेंब फुटतो कसा हे कळायला पुढं जवळपास शंभर वर्षं गेली. 1934 च्या प्रयोगात संथ प्रवाहात थेंब ताणला जाऊन फुटताना दिसला, तिथं शिअर म्हणणं बरोबरच आहे. पंपात मात्र प्रवाह संथ नसतोच, तिथं 1949 आणि 1955 चं टर्ब्युलन्सचं, म्हणजे भोवऱ्यांनी खवळलेल्या प्रवाहाचं, गणित लागतं: पाण्यात किलोमागे किती ऊर्जा विरते आणि तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण किती, यावर टिकणारा मोठ्यात मोठा थेंब ठरतो.

आता भांडण इथंच आहे, की ही ऊर्जा अख्ख्या पंपाची सरासरी धरायची की इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) टोकाजवळची जास्तीत जास्त? सरासरी धरली तर थेंब कागदावर मोठे दिसतात आणि टाकी लहान बसते, म्हणून मला ते धोक्याचं वाटतं. तोच इम्पेलर 1450 ऐवजी 2900 आरपीएमवर फिरवला तर याच गणितानं थेंब निम्म्याहून लहान होतो, आणि वर यायला पाचपट वेळ लागतो.

पण आरपीएम कमी करून पंपाच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवला तर काय उपयोग, ऊर्जा तिथं विरते आणि थेंब तिथं फुटतो. मी स्वतः व्हॉल्व्हच्या आधीचं आणि नंतरचं पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहिलंय, आधीच्यात दहा मिनिटांत वर तेलाची साय येते, नंतरचं ताकासारखं पांढरं ते पांढरंच. त्यात फ्लोअर धुतलेलं साबणाचं पाणी आलं असेल तर ताण अजून उतरतो आणि थेंब आणखी सहज फुटतो.

पाण्यापेक्षा दहा टक्के हलकं तेल धरा, 150 मायक्रॉनचा (0.15 मिलिमीटर) थेंब एक मीटर चढायला 14 मिनिटं घेतो, 15 मायक्रॉनचा जवळपास 23 तास. आणि नाल्यात सोडायच्या पाण्यात तेलाची मर्यादा लिटरमागे 10 मिलीग्राम.

अलीकडे उलटंही दिसलंय, बारीक थेंब आत गेले आणि पंप नीट निवडलेला असला तर ते एकमेकांना चिकटून मोठे होऊन बाहेर येतात. समुद्रातल्या तेलविहिरींच्या पाण्यासाठी तसे पंपही बनू लागलेत.