जिओकॅशिंग, सहकुटुंब

जिओकॅशिंग : कोणीतरी लपवून ठेवलेली डबी तिच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा मैदानी खेळ. या डबीला ‘कॅश’ म्हणतात. पैशांशी त्याचा संबंध नाही, लपवून ठेवलेला साठा असा त्या शब्दाचा अर्थ. डबीत एक छोटी वही असते आणि जागा असेल तर गोट्या, बिल्ले, किचेन अशा किरकोळ वस्तू. डबी सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची. वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. मग डबी जिथे आणि जशी होती तशीच परत लपवायची. मुलांना हा शेवटचा नियम आधीच नीट समजावून द्यावा, कारण सापडलेला खजिना घरी न्यायचा नसतो हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. नागरी वापरासाठीच्या जीपीएस संदेशात अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकत असे. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि खाण्याचा एक डबाही होता. माइक टीग यांनी ती सर्वप्रथम शोधली. ‘जिओकॅशिंग’ हे नाव मॅट स्टम यांनी त्याच महिन्याअखेर सुचवले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले. कॅशचे अक्षांश-रेखांश तिथेच मिळतात. प्रत्येक कॅशला शोधण्याची काठिण्यपातळी आणि वाटेचा अवघडपणा यांसाठी १ ते ५ असे वेगवेगळे अंक दिलेले असतात. लहान मुलांसोबत दोन्ही अंक दीडच्या आत असलेल्या कॅशपासून सुरुवात करावी.

मोबाइलवरही हा खेळ खेळता येतो. तरी मुलांच्या हाती साधे जीपीएस यंत्र देणे अधिक चांगले, कारण त्यावर दुसरे काही करता येत नाही. गार्मिनचे ईट्रेक्स १० हे नवशिक्यांना जमेल असे यंत्र आहे. कृष्णधवल पडदा, मोजकी बटणे, मुठीत मावेल एवढा आकार आणि दोन पेन्सिल सेलवर वीसेक तासांचे काम. पडले तरी चिंता नाही, पावसाचे शिंतोडेही चालतात. असे यंत्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश फक्त ऐकते, स्वतः काही पाठवत नाही. निदान चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रे वेगळी. भारतात ती परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

नवखे कुटुंब बहुतेक वेळा आकडे भरतानाच चुकते. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळचा, म्हणजे तलावपाळीचा, एक बिंदू घेऊ. मोबाइलच्या नकाशावर त्याचा अक्षांश १९.१९३५ असा दिसतो. जिओकॅशिंगमध्ये तोच १९ अंश ११.६१० मिनिटे असा लिहितात, कारण ०.१९३५ ला ६० ने गुणले की ११.६१ येतात. हा हिशेब न करता कोणी १९ अंश १९.३५ मिनिटे भरले, तर यंत्र सरळ १४ किलोमीटर उत्तरेला पाठवते. घाईत ११.६१० च्या जागी ११.१६० पडले तरी पाऊण किलोमीटरहून जास्त फरक होतो. उलट, शेवटचा आकडा एकने चुकला तर जेमतेम दोन मीटरांची चूक. एकाने आकडे वाचावेत, दुसऱ्याने भरावेत, तिसऱ्याने ताडून पाहावेत. पाचवी-सहावीतल्या मुलाला दशांश अपूर्णांकाचे मोल इतके चटकन दुसरीकडे कुठे कळत असेल असे वाटत नाही.

दुसरी गंमत पडद्यावर कॅशची दिशा दाखवणाऱ्या बाणाची. साध्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसते. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत यावरून ते बाण फिरवते. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानाच्या सपाट वाटेवर मूल बाणामागे तुरुतुरु चालत जाते. पडद्यावर ४० मीटर, २० मीटर, ६ मीटर. मग ते थांबते आणि बाण भरकटतो. ‘बाबा, हे बिघडलं!’ बिघडलेले काहीच नसते. उघड्या आकाशाखालीही यंत्र तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवणारच. अशा वेळी यंत्र खिशात घालून नजर कामाला लावायची : बाकाखाली पाहा, कठड्याच्या आतल्या बाजूला पाहा, कोणता दगड नुकताच हलवल्यासारखा दिसतो ते पाहा. खरा शोध इथून सुरू होतो आणि आजी-आजोबा अनेकदा इथेच नातवंडांच्या पुढे जातात.

घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे किंवा सीबीडी बेलापूरच्या काचेच्या इमारती यांच्यामध्ये उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. पहिला धडा उपवन तलावाकाठी किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात मोकळ्यावर द्यावा. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर निघण्यापूर्वी गच्चीत पंधरा मिनिटे सुरू ठेवावे.

जवळपास पुरेशा कॅश नसतील तर दोन घरांनी मिळून एका दिवसापुरता खेळ मांडावा : सकाळी एका घराने डब्या लपवायच्या, दुसऱ्याने शोधायच्या, संध्याकाळी सगळ्या गोळा करून आणायच्या. कायमची कॅश ठेवायची असेल तर जागेच्या मालकाची परवानगी लागते, ती खणून पुरू नये आणि दोन कॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्याचा वावर आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीवाचून तिथे काहीही ठेवू नये. ठाणे खाडीकाठची खारफुटी संरक्षित आहे आणि तिथल्या चिखलात पाय रुततो, तीही वर्ज्य. रेल्वे स्थानक, पूल, देवळाचे आवार अशा ठिकाणी ठेवलेली डबी बेवारस वस्तू ठरते आणि पोलिसांना धावपळ करावी लागते. डबी शक्यतो पारदर्शक असावी आणि तिच्यावर हा खेळ आहे असे मराठीत ठळक लिहावे.

पावसाळ्यात साध्या झाकणाची डबी आठवडाभरही टिकत नाही, वहीचा लगदा होतो. रबरी रिंग असलेला हवाबंद डबा, चेनच्या पिशवीत वही, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी, आणि शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल असा सरंजाम लागतो. खाऊ ठेवू नये. मुंग्या आणि उंदीर आधी पोहोचतात. आणि कोणत्याही कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून, टॉर्च मारून पाहावे. हे काम मोठ्यांनीच करावे.