येऊरच्या ओढ्याला वेळ हवा

दिवाळी होऊन पंधरवडा उलटलेला असतो, पाऊस कधीच परतलेला असतो, तरी ठाण्याच्या येऊर डोंगराच्या चढावर जरा थांबून कान दिला तर एखाद्या ओढ्याची झुळझुळ ऐकू येते. आभाळ कोरडं ठणठणीत, मग हे पाणी कुठलं? ते जुलै-ऑगस्टचंच. डोंगरानं इतके दिवस पोटात ठेवलेलं.

ज्या उतारांवरचं पावसाचं पाणी शेवटी एकाच प्रवाहात येऊन मिळतं, त्या सगळ्या जमिनीला पाणलोट क्षेत्र म्हणतात. अतिवृष्टी आणि टंचाई या दोन्ही टोकांना ते कसं तोंड देतं, हे एकाच गोष्टीवर ठरतं: पडलेल्या थेंबाला ओढ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो.

जंगलात त्या थेंबाला जागोजागी थांबावं लागतं. आधी पानांवर, मग पालापाचोळ्यात, मग मुळांनी आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत. त्याखाली मुरूम, आणि त्याखाली दख्खनच्या ज्वालामुखीतून घडलेला काळा खडक. अखंड खडकात पाणी शिरत नाही, पण झिजलेल्या थरांत आणि भेगांत ते मुरतं आणि महिनोन् महिने पाझरत राहतं. पुराचा जोर कमी करणारी माती आणि थंडीत ओढा वाहता ठेवणारी माती एकच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर आणि टंचाई यांची कामं आपण वेगवेगळ्या फायलींत टाकतो, डोंगर तशी वाटणी करत नाही.

मात्र मातीचं पोटही कधीतरी भरतं. जूनच्या सुरुवातीला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर तहानलेली जमीन त्यातला बराचसा पिऊन टाकते. तोच पाऊस जुलैच्या अखेरीस, आठवडाभराच्या संततधारेनंतर आला तर जवळजवळ सगळा वाहून खाली येतो. 100 मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर 10 लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे त्याच एका हेक्टरवर साडेनऊशेच्या आसपास टँकर. एवढं पाणी कुठलंही जंगल जिरवू शकत नाही. पुराचा कळस थोडा बुटका करणं आणि लांबवणं, एवढंच ते करू शकतं. आणि असे दिवस वाढण्याचं कारण साधं आहे: हवा 1 अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. ते एकदम रितं होतं तेव्हा मातीला सवडच मिळत नाही.

उल्हास नदीला निदान लांबी आहे. सह्याद्रीत पडलेलं पाणी बदलापूर-कल्याणला यायला काही तास घेतं. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो पूर या नदीचा. येऊरच्या ओढ्यांना मात्र डोंगर उतरला की काही किलोमीटरवर खाडी. त्यात ओढा शहरात आला की त्याचा नाला होतो, दोन्ही बाजूंना भिंती आणि तळालाही काँक्रीट. भिंतींचं कारण समजू शकतं. तळ गुळगुळीत करणं मला चूकच वाटतं, कारण त्यानं पाणी मुरायचं थांबतं आणि खाली धावतं.

धावून तरी जाणार कुठे? खाडीला भरती असली तर नाल्याचं तोंड बंदच. कोळी बांधव भांग (पाणी कमी चढतं ते दिवस) आणि उधाण ओळखतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं. नवी मुंबई वसवताना सिडकोनं हे ध्यानात घेऊन धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. आता त्यांतल्या अनेक तलावांत गाळ साचलाय, खारफुटी उगवलीय, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यानं गाळ काढणंही सोपं राहिलेलं नाही.

ठाण्यातली तळी हेच काम करू शकतात, त्यांच्यात पाणी साठायला जागा ठेवली तर. 26 जुलैच्या त्या दुपारीही भरती होती. भरती पूर्ण ओसरायला सहाएक तास लागतात. येऊरच्या मातीनं आणि पायथ्याच्या उपवन तलावानं त्यातले दोन तास जरी काढून दिले, तरी जे पाणी घरांत शिरलं असतं त्यातलं बरंचसं ओहोटीबरोबर खाडीत निघून जाईल.